गर्दी आणि गिऱ्हाईक : संकेतस्थळांच्या कमाईचा पूर्वेतिहास

संकेतस्थळ चालवून पोट भरता येते ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे, की हा व्यवसाय तीस-पस्तीस वर्षांपूर्वी अस्तित्वातच नव्हता, आणि त्याचे आजचे स्वरूप तर १९९८ ते २००४ या सहा-सात वर्षांत, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मोजक्या कंपन्यांच्या चढाओढीतून ठरले, याची जाणीव त्यात वावरणाऱ्यांनाही क्वचितच असते. या व्यवसायाचा इतिहास बहुधा तंत्रज्ञानाच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो; वस्तुतः तो एका हिशेबाचा इतिहास आहे. संकेतस्थळावर येणाऱ्या माणसाची किंमत कशी ठरवायची, हा तो हिशेब. आरंभीच्या चार-पाच वर्षांत ही किंमत डोकी मोजून ठरत असे. पुढे ती तो माणूस काय शोधत आला होता यावरून ठरू लागली, आणि लेखन, जाहिरात, फसवणूक व भाषा या सर्वांवर या बदलाचे जे परिणाम झाले ते अजून ओसरलेले नाहीत.

इंटरनेटवर व्यापार करणे हे मुळात नियमबाह्य होते. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या पैशावर चालणाऱ्या मुख्य जाळ्याचा वापर संशोधन आणि शिक्षण यांसाठीच करावा असा दंडक होता. तो टप्प्याटप्प्याने सैल झाला आणि एप्रिल १९९५च्या अखेरीस ते सरकारी जाळेच बंद करून वाहतूक खासगी कंपन्यांकडे सोपवण्यात आली. दरम्यान जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी विकसित केलेले वेबचे तंत्र ३० एप्रिल १९९३ रोजी सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले होते. त्याच वर्षी ओरायली या तांत्रिक पुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेने 'ग्लोबल नेटवर्क नॅव्हिगेटर' नावाचे संकेतस्थळ काढले आणि त्यावर एका वकिली पेढीची जाहिरात घेतली. मात्र या व्यवसायाचा जन्मदिवस म्हणून सहसा २७ ऑक्टोबर १९९४ ही तारीख सांगितली जाते, ती 'हॉटवायर्ड' या नियतकालिकाच्या संकेतस्थळावर झळकलेल्या आडव्या पट्ट्यांमुळे. यांपैकी दूरध्वनी कंपनी एटी अँड टीची पट्टी विशेष गाजली. तीन महिन्यांच्या जागेसाठी कंपनीने तीस हजार डॉलर मोजले होते, आणि ती पट्टी पाहणाऱ्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोकांनी तीवर क्लिक केले असे ती तयार करणाऱ्यांनी पुढे सांगितले. नवलाईच्या त्या दिवसांत हे अशक्य नव्हते. दशक संपता संपता मात्र शंभर माणसांनी पट्टी पाहिली तर त्यांतला एकही तीवर क्लिक करीलच याची खात्री उरली नव्हती.

या पट्ट्यांचा दर वर्तमानपत्री जाहिरातीसारखाच ठरत असे. जाहिरात हजार वेळा दाखवण्याची एक ठरावीक रक्कम, असा हा दर होता आणि त्यामुळे संकेतस्थळाच्या चालकाला रस असे तो केवळ आकडा वाढवण्यात. हा आकडाही आरंभी फसवा होता. 'हिट' या शब्दाने तेव्हा जे मोजले जाई ते वाचक नव्हते, तर संगणकाकडे आलेल्या फायलींच्या मागण्या होत्या. एखाद्या पानावर मजकुराची एक फाइल आणि एकोणीस लहानमोठी चित्रे असतील, तर एका वाचकाच्या एका भेटीतून वीस हिट नोंदवले जात. पानावर चित्रे वाढवली की लोकप्रियता वाढे! लवकरच हिटऐवजी पानांची आणि मग निरनिराळ्या वाचकांची मोजणी सुरू झाली. तिला नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ साली शोधून काढलेल्या कुकीने मोठाच हातभार लावला. कुकी म्हणजे संकेतस्थळाने वाचकाच्या संगणकावर ठेवलेली छोटी नोंद, जिच्यामुळे तोच संगणक पुन्हा आला हे ओळखता येते. खरेदीची टोपली लक्षात राहावी एवढ्याच माफक हेतूने निघालेली ही युक्ती १९९६पासून डबलक्लिकसारख्या कंपन्यांनी निरनिराळ्या संकेतस्थळांवर एकाच माणसाचा माग काढण्यासाठी वापरली. डबलक्लिक पुढे ३१० कोटी डॉलरांना गूगलच्या मालकीची झाली.

आकडे सुधारले तरी त्यामागची कल्पना तीच राहिली होती. जत्रेतल्या दुकानदाराला गर्दी आणि गिऱ्हाईक यांतला फरक पहिल्याच दिवशी कळतो. वेबवरच्या व्यापाऱ्यांना तो कळायला काही वर्षे जावी लागली. १९९६ साली प्रॉक्टर अँड गँबल या साबण-भुकटी विकणाऱ्या बलाढ्य कंपनीने याहूला सांगितले, की जाहिरात किती वेळा दिसली याचे पैसे मिळणार नाहीत, कितींनी तीवर क्लिक केले याचे मिळतील. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये अॅमेझॉनने आपली सहयोगी योजना जाहीर केली. ज्याच्या संकेतस्थळावरून वाचक अॅमेझॉनकडे गेला आणि त्याने पुस्तक विकत घेतले, त्या संकेतस्थळाच्या चालकाला विक्रीच्या रकमेतून दलाली मिळे, आणि खरेदी झाली नाही तर काहीच मिळत नसे. संगीताच्या तबकड्या विकणाऱ्या सीडीनाऊने अशी योजना १९९४ सालीच चालवली होती, पण तिचा प्रसार झाला तो अॅमेझॉनमुळे. पक्षिनिरीक्षणावरचे संकेतस्थळ चालवणाऱ्या हौशी माणसाला दिवसाला पन्नास वाचक लाभत असले, तरी त्यांतले दोघे-तिघे पक्ष्यांवरची पुस्तके घेणारे असू शकतात, आणि हे पन्नास जण विनोदी चित्रे पाहायला आलेल्या पाच हजारांहून अधिक मोलाचे ठरू शकतात, हे या योजनेने प्रथम रुपया-पैशात दाखवून दिले. मात्र योग्य वाचक आणावा कसा, याचे उत्तर त्यात नव्हते. तो येण्याचा मार्ग शोधयंत्रांतून जात होता, आणि त्या मार्गावर १९९६-९७ साली मोठी बजबजपुरी माजली होती.

जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली याहूची सूची माणसे हाताने तयार करीत. डिसेंबर १९९५ मध्ये आलेले आल्टाव्हिस्टा हे शोधयंत्र मात्र कोट्यवधी पानांतील शब्दन् शब्द आपोआप नोंदवत होते, आणि पानावर शोधलेला शब्द आहे का, किती वेळा आहे, यासारख्या खुणांवर बरेचसे विसंबून उत्तरे लावत होते. ही खूण हाती लागताच पानांच्या तळाशी एकच शब्द शेकडो वेळा लिहिण्याची प्रथा पडली. वाचकाला तो दिसू नये म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत लिहिला जाई. मोटारींची माहिती शोधणारा माणूस जुगाराच्या वा अश्लील चित्रांच्या पानावर जाऊन आदळे. अशा रीतीने ओढून आणलेल्या भेटीचा ना वाचकाला उपयोग होता, ना जाहिरातदाराला. तथापि हजार दर्शनांमागे पैसे मिळत असल्याने पानाच्या मालकाचे काहीच बिघडत नव्हते.

या गोंधळावर कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील आयडियालॅब या उद्योगशाळेचे संस्थापक बिल ग्रॉस यांनी जो उपाय काढला, तो त्या काळच्या सभ्य समजुतींना धक्का देणारा होता. शोधाच्या उत्तरांतले पहिले स्थान सरळ विकावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यासमोर नमुना होता तो अमेरिकेतील घरोघरी असणाऱ्या 'यलो पेजेस'चा, म्हणजे धंद्यांनुसार लावलेल्या दूरध्वनी-सूचीचा. तिच्यात नळकाम करणाऱ्यांच्या यादीत मोठ्या चौकटीसाठी जास्त पैसे मोजावे लागत, आणि ज्याला नळकामच करून द्यायचे नाही असा कोणी तिथे चौकट घेत नसे. पैसे मोजावे लागले की माणूस स्वतःच्या धंद्याशी संबंध नसलेल्या शब्दावर बोली लावणार नाही, असा त्यामागचा तर्क होता. फेब्रुवारी १९९८ मध्ये त्यांनी ही कल्पना टेड परिषदेत मांडली, तेव्हा तिचे स्वागत थंडच झाले, आणि १९९८ सालीच 'गोटू डॉट कॉम' हे शोधयंत्र लोकांपुढे आले.

या शोधयंत्राचे पान आज पाहायला मिळाले तर त्यातला उघडेपणा चकित करील. वाचकाने 'गृहकर्ज' किंवा 'फुले' असा शब्द टाकला की उत्तरांची यादी येई आणि प्रत्येक उत्तराखाली, त्या जाहिरातदाराला एका क्लिकमागे किती सेंट द्यावे लागणार आहेत, तो आकडा छापलेला असे. बोली एका सेंटपासून सुरू होई. जास्त बोली असेल त्याचे नाव वर लागे. क्लिक झाले नाही तर पैसे लागत नसत. प्रतिस्पर्ध्याची बोली डोळ्यांसमोर असल्याने जाहिरातदार दिवसभर एकेका सेंटाने एकमेकांवर कुरघोडी करीत. ग्रॉस यांची आणखी एक क्लृप्ती अशी, की इतर संकेतस्थळांवर आपल्या जाहिराती देऊन काही सेंटांना वाचक विकत घ्यायचा, त्याच्याकडून शब्द टाकून घ्यायचा, आणि त्या शब्दाच्या बोलीला तोच वाचक जास्त किमतीला जाहिरातदाराकडे पाठवायचा. ज्याच्या मनात काय आहे हे ठाऊक नाही अशा माणसाचे मोल थोडे आणि ज्याने आपला हेतू स्वतःच्या बोटांनी लिहून दिला त्याचे कितीतरी अधिक, हे या दोन किमतींतल्या फरकाने सिद्ध झाले. संकेतस्थळांच्या कमाईच्या इतिहासात मध्यवर्ती शोध कोणता असे विचारले, तर तो हाच म्हणावा लागेल. आणि तो बहुधा ज्यांच्या नावावर जमा केला जातो त्यांचा तो नव्हे.

ज्यांच्या नावावर तो जमा होतो त्यांचे आरंभीचे मत तर नेमके उलट होते. सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील परिषदेत आपल्या गूगल या शोधयंत्राचे वर्णन करणारा जो शोधनिबंध सादर केला, त्याच्या एका परिशिष्टात जाहिरातीवर पोसलेले शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकणार आणि वाचकाच्या गरजेपासून दूर जाणार, असे स्पष्ट म्हटले होते. त्यांची पद्धत वेगळी होती. एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांनी दुवे दिले आहेत, यावरून त्या पानाचे वजन ठरवल्यामुळे पांढऱ्या अक्षरांची लबाडी तिथे फारशी चालेना. पण उत्तम उत्तरे देऊन पैसे मिळत नव्हते. ऑक्टोबर २००० मध्ये साडेतीनशे जाहिरातदारांसह गूगलने 'अॅडवर्ड्स' सुरू केले. मूळ उत्तरांपासून वेगळ्या ठेवलेल्या या केवळ मजकुराच्या जाहिराती शब्दाशी जोडलेल्या असल्या, तरी त्यांचा दर अजूनही जुनाच, म्हणजे हजार दर्शनांचा होता.

फेब्रुवारी २००२ मध्ये ही योजना नव्याने बांधली गेली, आणि ग्रॉस यांच्या लिलावात एक गुणाकार घातला गेला. समजा, एकाच शब्दावर 'अ' या जाहिरातदाराने क्लिकमागे ४० सेंटांची बोली लावली आहे आणि त्याची जाहिरात शंभर वेळा दाखवली तर एक माणूस क्लिक करतो. 'ब'ची बोली २५ सेंटच आहे, पण त्याच्या जाहिरातीवर शंभरांतले दोघे क्लिक करतात. गोटूच्या यादीत 'अ' वर असता. गूगलने बोलीला क्लिकच्या प्रमाणाने गुणले. शंभर दर्शनांमागे 'अ'कडून ४० सेंट येणार आणि 'ब'कडून ५०, म्हणून 'ब'ला वरचे स्थान मिळाले. शिवाय 'ब'ने आपली पूर्ण बोली द्यायची नाही. खालच्याला मागे ठेवण्यापुरती रक्कम, म्हणजे या उदाहरणात २० सेंट आणि वर एखादा सेंट, एवढीच द्यायची. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर किंमत ठरवण्याच्या अशा लिलावाची मीमांसा विल्यम विक्री यांनी १९६१ साली केली होती आणि १९९६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र अनेक जागांच्या लिलावात ही रीत विक्री यांच्या मूळ लिलावाप्रमाणे प्रत्येकाला खरी बोली लावायला भाग पाडत नाही, हे अर्थशास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिले. व्यवहारात त्याने फारसे अडले नाही. या गुणाकाराचा परिणाम असा, की वाचकाला नको असलेली जाहिरात दाखवणे महाग पडू लागले आणि योग्य माणसापुढे योग्य जाहिरात ठेवणे स्वस्त झाले. २००१ मध्ये ८.६४ कोटी डॉलर असलेले गूगलचे उत्पन्न २००३ मध्ये १४६ कोटींच्या पुढे गेले, आणि त्यातला फार मोठा भाग जाहिरातींचा होता.

एव्हाना 'ओव्हर्चर' असे नाव घेतलेल्या गोटूने एप्रिल २००२ मध्ये स्वामित्वहक्काचा भंग केल्याबद्दल गूगलवर दावा लावला. २००३ मध्ये याहूने सुमारे १६३ कोटी डॉलरांना ओव्हर्चर घेतली, आणि ऑगस्ट २००४ मध्ये, गूगलचे समभाग बाजारात येण्याच्या तोंडावर, २७ लाख समभाग याहूला देऊन हा वाद मिटवण्यात आला. याच सुमारास अमेरिकी व्यापार आयोगाने, जून २००२ मध्ये, विकलेली उत्तरे आणि खरी उत्तरे यांतला भेद वाचकाला स्पष्ट दिसला पाहिजे असे शोधयंत्रांना लेखी कळवले. गोटूने तर किंमतच छापली होती. तिच्या नंतर आलेल्यांना मात्र ही समज द्यावी लागली, यातली विसंगती नोंदवण्यासारखी आहे.

इथवर पैसा मिळत होता तो शोधयंत्रांना. सामान्य संकेतस्थळाच्या चालकापर्यंत तो पोचला जून २००३ मध्ये, 'अॅडसेन्स'मुळे. सँटा मोनिका येथील अप्लाइड सिमँटिक्स ही कंपनी गूगलने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सुमारे दहा कोटी डॉलरांना घेतली होती. पानावरचा मजकूर वाचून तो कशाविषयी आहे हे ओळखणारे तंत्र तिच्याकडे होते, आणि अॅडसेन्स हे नावही तिच्याकडूनच आले. चालकाने आपल्या पानात काही ओळींची संगणकीय आज्ञावली चिकटवायची, की गूगल त्या पानाच्या विषयाशी जुळणाऱ्या जाहिराती तिथे आपोआप आणून ठेवी आणि क्लिकचे पैसे वाटून घेई. वाटणी किती, हे सात वर्षे गुलदस्त्यातच होते. मे २०१० मध्ये गूगलने ६८ टक्के वाटा चालकाला मिळत असल्याचे जाहीर केले.

जाहिरातदारांशी कधी भेट नाही, दर ठरवण्याची घासाघीस नाही, वसुलीचे पत्र नाही, आणि तरी महिन्याच्या अखेरीस पैसे, ही गोष्ट एकट्या-दुकट्या माणसाला याआधी कधीच शक्य झाली नव्हती. खात्यात दहा डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे पाहण्यासाठी गूगलकडून एक टपाल येई आणि त्यातला आकडा संकेतस्थळावर भरावा लागे. शंभर डॉलर होईपर्यंत पैसे निघत नसत. भारतातल्या लहान गावी हे परदेशी पाकीट पोचायला आठवडे लागत, कित्येकदा ते पोचतच नसे आणि दुसरे मागवावे लागे. मिळणारी रक्कम आधी चेकने आणि बऱ्याच वर्षांनी थेट बँकेत येऊ लागली. स्वतःच्याच जाहिरातीवर क्लिक करण्याचा मोह ज्यांना आवरला नाही त्यांची खाती कायमची बंद झाली. अशा खोट्या क्लिकांचे पैसे जाहिरातदारांच्या खिशातून जात असल्याने अमेरिकेतील आर्कान्सॉ राज्यात दावा उभा राहिला, आणि २००६ मध्ये गूगलने नऊ कोटी डॉलरांची तडजोड करून तो मिटवला.

एप्रिल २००४ मध्ये अॅडसेन्समध्ये झालेला एक बदल या इतिहासात महत्त्वाचा असूनही त्याकडे दुर्लक्ष होते. एखाद्या संकेतस्थळावरून येणारे वाचक क्लिक करतात खरे, पण पुढे काही विकत घेत नाहीत किंवा चौकशीही करीत नाहीत, असे दिसले तर त्या संकेतस्थळावरच्या क्लिकचा दर जाहिरातदारासाठी आपोआप कमी व्हावा, अशी ती व्यवस्था होती. चुकीचा वाचक आणण्याचा दंड प्रथमच चालकाच्या माथी आला. १९९४ पासून गर्दी मोजण्यात गुंतलेला व्यवसाय दहा वर्षांनी गिऱ्हाईक मोजू लागला, तो या टप्प्यावर.

हेतूची किंमत शब्दागणिक उघड झाल्यावर तिच्यामागे लेखनही धावू लागले. याचे सर्वांत ठळक उदाहरण वैद्यकातले आहे. अॅस्बेस्टॉसच्या संपर्कामुळे फुप्फुसाच्या आवरणाला होणाऱ्या 'मेसोथेलिओमा' नावाच्या दुर्मीळ कर्करोगात रुग्णांना कंपन्यांकडून मोठी भरपाई मिळू शकते, आणि ती मिळवून देणाऱ्या अमेरिकी वकिलांना त्यातला घसघशीत हिस्सा मिळतो. त्यामुळे या शब्दावरच्या एका क्लिकसाठी ते कित्येक डॉलर मोजायला तयार असत. परिणामी ज्यांनी त्या रोगाचा रुग्ण कधी पाहिला नव्हता अशा असंख्य माणसांनी या रोगावर पाने लिहिली. केवळ जाहिरातींसाठी रचलेल्या अशा पानांचे मजकूर एकमेकांवरून उतरवलेले असत, आणि वाचकाला तिथून बाहेर पडण्याचा सोपा मार्ग म्हणजे जाहिरातच, अशी त्यांची मांडणी असे. वाईट पानावर जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यता चांगल्या पानापेक्षा अधिक असते, हे या व्यवस्थेचे अंगभूत वैगुण्य होते, आणि ते कोणत्याही सुधारणेने पुरते गेले नाही.

२००६ मध्ये स्थापन झालेल्या डिमांड मीडियाने या प्रकाराला कारखान्याचे रूप दिले. लोक काय शोधतात, त्या शब्दांना जाहिरातदार किती मोजतात आणि त्या विषयावर आधीच किती पाने आहेत, या तीन गोष्टी संगणकाने ताडून पाहायच्या आणि त्यातून लेखाचे शीर्षक निघायचे. ते शीर्षक यादीत टाकले जाई आणि दूरवर बसलेला कोणी लेखक सुमारे पंधरा डॉलरांना तो लेख लिहून देई. आधी लेखक, मग विषय आणि शेवटी वाचक, हा लेखनव्यवहाराचा क्रम इथे पूर्ण उलटला होता. जानेवारी २०११ मध्ये कंपनीचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात आले तेव्हा तिचे मूल्य न्यूयॉर्क टाइम्स कंपनीहून जास्त भरले. पुढच्याच महिन्यात गूगलने आपल्या क्रमवारीच्या पद्धतीत मोठा फेरफार केला. नवनीत पांडा या अभियंत्याच्या आडनावावरून 'पांडा' म्हणून ओळखला गेलेला हा बदल अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांवर परिणाम करणारा होता, आणि डिमांड मीडियाच्या मार्गाने जाणाऱ्या अनेक संकेतस्थळांचे वाचक काही दिवसांत आटले. पुढील वर्षीच्या एप्रिलमध्ये दुवे विकत घेणाऱ्यांवर तसाच बडगा उगारला गेला.

चालकांच्या दृष्टीने याहून खोल जखम मात्र फारसा गाजावाजा न होता झाली. तोवर शोधयंत्रातून येणारा प्रत्येक वाचक कोणते शब्द टाकून आला, हे संकेतस्थळाच्या नोंदवहीत आपोआप उतरत असे. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये गूगलने आपले मोजणीचे साधन फुकट दिल्यापासून तर ही यादी रोज पाहणे हा चालकांचा नित्यक्रम झाला होता. आपल्याकडे कोण येते आणि ते नेमके काय मागते, हे समजण्याचा तोच खात्रीचा मार्ग होता. ऑक्टोबर २०११ पासून आधी काही आणि २०१३ पर्यंत जवळजवळ सर्व वाचकांचे हे शब्द खासगीपणाच्या कारणास्तव झाकण्यात आले. कारण खोटे नव्हते. परंतु जे जाहिरात देऊन वाचक विकत घेत होते त्यांना आपले शब्द पूर्ववत कळत राहिले, ही बाब त्या कारणाशी जुळत नाही.

या सर्व घडामोडींत मराठीचे स्थान कोठे होते, हा प्रश्न विचारला तर उत्तर बराच काळ दाराबाहेर असेच द्यावे लागते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केले, आणि 'मायबोली' हे मराठी माणसांचे संकेतस्थळ १९९६ मध्ये परदेशात सुरू झाले, म्हणजे मराठी भाषक या माध्यमात उशिरा आले असे नव्हे. अडचण लिपीची होती. युनिकोड, म्हणजे जगातील सर्व लिप्यांना समान संकेतांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी प्रत्येक मराठी वर्तमानपत्राचा स्वतःचा फाँट असे, आणि त्यात देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेले असत. वाचकाच्या पडद्यावर 'महाराष्ट्र' दिसे. शोधयंत्राला मात्र तिथे अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसे. त्यामुळे हजारो मराठी बातम्या वेबवर असूनही शोधून सापडत नव्हत्या. जो शब्द सापडतच नाही त्यावर बोली लावणार तरी कोण?

युनिकोडने हा अडसर दूर केला तरी अॅडसेन्सला मराठी कळत नव्हती. जी भाषा त्याच्या यादीत नाही तिच्यातल्या पानांना जाहिराती मिळत नसत. म्हणून काही जण मंजुरी मिळवण्यापुरती इंग्रजी पाने लिहून मग मराठीकडे वळत, तर इंग्रजीवर हुकमत असलेले बरेच जण कायमचे इंग्रजीतच राहिले. मराठीत लिहिणाऱ्यांच्या पहिल्या पिढीत हौशी आणि निष्ठावंत लेखक एवढे का दिसतात, याचे एक कारण तिच्या संस्कारांत असेल, पण दुसरे निश्चितच या यादीत आहे. डिसेंबर २०१४ मध्ये हिंदीला प्रवेश मिळाला आणि पुढच्या काही वर्षांत बंगाली, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर मराठीलाही.

त्यानंतर मराठीत जे लिहिले गेले त्यावर या व्यवसायाची मुद्रा स्पष्ट उमटलेली आहे. 'माझी शाळा निबंध मराठी', 'छत्रपती शिवाजी महाराज माहिती मराठी', 'पावसाळा निबंध' अशी शीर्षके कोणत्याही व्याकरणात बसत नाहीत. ती वाचकाने शोधाच्या चौकटीत टाकलेल्या शब्दांची हुबेहूब नक्कल आहेत, आणि कित्येकदा त्यांच्या शेजारी रोमन लिपीत तेच शब्द पुन्हा दिलेले असतात, कारण मराठी माणूस पुष्कळदा रोमन अक्षरांतच मराठी शोधतो. निबंध शोधणाऱ्या शाळकरी मुलांची संख्या मोठी, पण त्यांच्यापाशी खरेदीचा हेतू जवळजवळ नसतो. पुरणपोळीची कृती शोधणाऱ्याचीही तीच गत. उलट 'गृहकर्ज व्याजदर' शोधणारा थोडा, पण बँकेला हवा असलेला. मराठीतून असे शोध कमी होतात, कारण कर्ज, विमा, उच्च शिक्षण यांचे व्यवहार मराठी माणूसही इंग्रजीतूनच करतो, आणि म्हणून मराठी शब्दावरची बोली इंग्रजीपेक्षा बरीच खाली राहते. सरकारी योजना आणि स्पर्धा परीक्षा हे दोन विषय त्याला काहीसे अपवाद ठरले, आणि मराठीतील नव्या संकेतस्थळांचा मोठा भाग त्यांच्याभोवतीच उभा राहिला.

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू होऊन मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हा मराठी वाचकांची संख्या खरोखर वाढायला लागली. पण त्यांतले बहुसंख्य वाचायला नव्हे, तर पाहायला आले. यूट्यूबने जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा चित्रफितींच्या निर्मात्यांना देऊ केलेला होता, आणि तिथे लिपीचा, फाँटचा वा शुद्धलेखनाचा प्रश्नच येत नव्हता. पाककृती, शेतीची यंत्रे, कीर्तने, गडकोटांच्या सहली हे विषय लिखित पानांवर नीट रुजण्याआधीच तिकडे गेले, आणि मराठीतील लिखित संकेतस्थळांकडे मुख्यतः ज्यांना मजकूर उतरवून घ्यायचा असतो किंवा अर्ज भरायचा असतो असे वाचक उरले.